केबिन क्रूची मुलाखत आणि दोन बोटं कमी पडणारा हात

विश्रामबाग_मावशी | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. विषय माझ्या भाचीचा. वय २०, सांगलीतच बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. पोरीनं दोन वर्षांपासून डोक्यात घेतलंय की केबिन क्रूच व्हायचं. (हवाई सुंदरी म्हटलं की चिडते.) आणखी दोन आठवड्यांनी पुण्यात एका कंपनीची वॉक-इन मुलाखत आहे, फॉर्म भरून झालाय, पासपोर्ट आलाय, सगळं झालंय आणि आता घोडं अडलंय ते मापावर.

अट अशी की उंची १५५ सेंटिमीटर आणि हात वर करून २१२ पर्यंत पोचला पाहिजे. ताईच्या घरी देवघराशेजारच्या भिंतीवर शिवणाच्या टेपनं मोजून पेन्सिलीची रेघ मारली. टेप दीडशेचाच असतो म्हणून दोनदा लावला. तर पोरगी अनवाणी, टाचा उचलून, जीव काढून हात ताणते आणि रेघ दोन बोटं वरच राहते. उंचीही १५४ च भरते. आठ दिवस झाले, सकाळ संध्याकाळ भिंतीला चिकटलेली असते, तिथं बोटांचे काळे डाग पडलेत नि ताई रोज ओरडते की दिवाळीतच रंग दिलाय.

दुसरं म्हणजे दाजी. त्यांचा सरळ विरोध नाही पण पाठिंबाही नाही. "पोरगी रात्री कुठं झोपणार" एवढा एकच प्रश्न विचारतात आणि पेपर उघडतात. कुणाच्या घरातली, ओळखीतली मुलगी या लाईनमध्ये असेल तर सांगा, मुलाखतीत नेमकं काय विचारतात, हाताचं काही करता येतं का, आणि पुण्यात एक क्लासवाले सव्वा लाख मागतायत ते भरावेत का. मराठी मिडियमची आहे, इंग्रजी समजतं सगळं पण बोलताना गाडी अडते.

भडंगप्रेमी | रविवार, रात्री ९:३०

कवलापूरला विमानतळ झाला की तिथंच मुलाखत देईल की. तवर उंची पण वाढंल. काय घाई हाय?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:३४

@भडंगप्रेमी तवर तिची नात मुलाखतीला बसंल.

कासपठार | रविवार, रात्री १०:५०

मावशी, मी साताऱ्याची. सहा वर्षं केबिन क्रू म्हणून उडले, पोरगं झाल्यावर सोडलं. त्यामुळे हे ऐकीव नाही.

हाताची अट कशासाठी ते आधी सांगते म्हणजे तिला त्याचा राग येणार नाही. डोक्यावरच्या कप्प्यांत तुमच्या बॅगाच नसतात फक्त, ऑक्सिजनची बाटली, फर्स्ट एडची पेटी, मेगाफोन अशा वस्तू पण त्यातल्याच काही कप्प्यांत ठरलेल्या जागी असतात आणि वेळ आली की ते स्टूल न शोधता हाताला लागलं पाहिजे. म्हणून काही ठिकाणी उंचीपेक्षा हाताकडं जास्त बघतात. एमिरेट्सला उंची १६० लागते नि हात टाचा उचलून २१२, शिवाय वय २१ पूर्ण. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी मुलींना १५५, बारावी पास, १८ पूर्ण.

माप घेताना बूट काढायला लावतात. टाचा उचलू देतात पण उडी नाही. आमच्या बॅचला एकीनं पटकन उडी मारून रेघ शिवली, मॅडम म्हणाल्या विमानात छताला डोकं आपटशील बाई. एक हात वर करायचा, दोन्ही खांदे नाही, आणि ज्या बाजूचा हात त्या बाजूची कंबर ताणायची, श्वास सोडून. सकाळी उठल्या उठल्या मोजा, संध्याकाळपर्यंत माणूस जवळजवळ सेंटिमीटरभर आखूड होतो, पाठीचे मणके दबतात म्हणून. दोन बोटं मात्र त्यानं भरून निघणार नाहीत, उगीच आशा दाखवत नाही.

माझी पहिली मुलाखत सांगते. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, दोन रुपयाच्या नाण्याएवढा भाजल्याचा डाग आहे. परळीला आजीकडं चुलीवरचं दूध उतरवताना उडालं होतं, मी सात वर्षांची. अर्ध्या बाहीच्या शर्टात तो दिसतो. पहिल्या कंपनीत उंची झाली, वजन झालं, मग एका बाईंनी माझा हात धरून उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला आणि "थँक्यू" म्हणाल्या. बास. पुण्यापर्यंत गेले, खोलीचे पैसे भरले आणि सकाळी पावणेदहाला बाहेर. स्वारगेटला बसून उसाचा रस प्यायले नि एसटी धरली. दुसऱ्या कंपनीनं तोच डाग बघून विचारलं काय झालं होतं, मी दुधाची गोष्ट सांगितली, त्या हसल्या आणि मी पुढच्या खोलीत. तेव्हा एका ठिकाणी नाही म्हटलं म्हणजे संपलं असं नसतं.

सरळ_बोलतो | सोमवार, सकाळी ७:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. बीएस्सी करून शेवटी हवेत ट्रे फिरवायचा. वेट्रेसच ती, फक्त ३० हजार फुटांवर. त्यापेक्षा एमपीएससी करा म्हणावं.

भडंगप्रेमी | सोमवार, सकाळी ७:२०

एमपीएससीला पण शेवटी मुलाखतच असते ओ दादा. फक्त तिथं पोचंपर्यंत केस पिकत्यात.

मिरजकर_बापू | सोमवार, सकाळी ८:४१

सरळ साहेब, जगातली पहिली एअर होस्टेस एलेन चर्च ही मुळात नर्स होती. १९३० साली अमेरिकेत. बाईला खरं तर पायलट व्हायचं होतं, ते काय देईनात, मग तिनंच कंपनीला पटवलं की विमानात नर्स ठेवा, लोकांची भीती जाईल. पहिल्या तुकडीतल्या सगळ्याच नर्स. आता दवाखाने नि नर्स म्हटल्यावर मिरजेचा नंबर पहिला लागतो, म्हणजे खरी भरती मिशन हॉस्पिटलच्या दारात व्हायला पाहिजे होती, पुण्यात कशाला.

पोवईनाका | सोमवार, सकाळी ९:०२

बापू कुठल्याही विषयाची गाडी मिरज जंक्शनला आणून लावतात.

कासपठार | सोमवार, दुपारी १:१५

@सरळ_बोलतो राग नाही आला, हे सहा वर्षं ऐकलंय, सख्ख्या चुलत्याकडून सुद्धा.

ट्रेनिंग तीनेक महिन्यांचं असतं. त्यात चहा कसा द्यायचा हे शिकवायला मोजके दिवस. बाकी सगळा वेळ आग कशी विझवायची, धुरात कसं सरकायचं, दार कसं उघडायचं, उघडायच्या आधी बाहेर आग आहे का ते खिडकीतून कसं बघायचं, हार्ट ॲटॅक आला तर छाती कशी दाबायची, विमानात बाळंतपण झालं तर काय, पाण्यात विमान उतरलं तर तराफा कसा सोडायचा. स्विमिंग पूलमध्ये कपड्यांनिशी उतरवलं होतं आम्हाला. परीक्षा नापास झालं की घरी. दर ५० सीटमागं एक क्रू हा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, १८० सीटच्या विमानात म्हणून किमान चौघी. चहाचा हिशोब करून हा नियम केलेला नाही, माणसं बाहेर काढायचा हिशोब आहे तो. नवीन विमान पास करताना अर्धीच दारं वापरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाला धडकलं आणि पेटलं. आत ३६७ प्रवासी, १२ कर्मचारी. घोषणेची यंत्रणा बंद पडलेली, आठातली तीनच दारं वापरण्यासारखी. क्रूनं मेगाफोन नि घसा वापरून सगळ्या ३७९ जणांना बाहेर काढलं, विमान मागं जळून खाक. तो मेगाफोन कुठं ठेवलेला असतो ते वर लिहिलंय. ट्रे फिरवतो आम्ही, नाही म्हणत नाही. पण फिरवता फिरवता दाराजवळ कोण धडधाकट बसलाय, कोण पिऊन आलाय, कुठल्या आजींना उठता येणार नाही हे पण बघत असतो.

सरळ_बोलतो | सोमवार, दुपारी २:३०

एवढं माहीत नव्हतं. वेट्रेस शब्द मागे घेतो. एमपीएससी मागे घेत नाही.

काळा_कोट | सोमवार, सायंकाळी ६:१०

दाजींच्या काळजीवरून आठवलं. पूर्वी एअर इंडियाच्या एअर होस्टेसना नोकरीत लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी सोडावी लागायची, पहिल्यांदा दिवस गेले तरी सोडावी लागायची, आणि नाहीच झालं काही तर ३५ ला निवृत्ती. नर्गेश मिर्झा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८१ साली ती गरोदरपणाची अट उडवली. चार वर्षांची लग्नाची अट मात्र कोर्टानं तेव्हा ठेवली होती, आज वाचताना नवल वाटतं. कॉलेजात असताना हा निकाल पाठ होता.

विश्रामबाग_मावशी | सोमवार, रात्री ८:५५

दाजींना हे सांगायचं की नाही? चार वर्षं लग्न नाही म्हटल्यावर ते उलट खूशच होतील, हुंड्याविषयी बोलायला येणारे पाव्हणे तरी थांबतील.

कासपठार ताई, रात्री कुठं झोपायचं ते सांगा ना. तोच मुद्दा आहे.

कासपठार | सोमवार, रात्री ९:४०

कंपनी हॉटेल देते, विमानतळावरून न्यायला आणायला गाडी असते, पूर्ण क्रू एकत्र असतो. पण हे सांगून माझ्या घरी पटलं नव्हतं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. महिन्यातल्या किती रात्री मुक्कामी गाडी घेऊन कुठल्या तरी खेड्यात, कधी देवळात, कधी गाडीतच मागच्या सीटवर झोपायचे. मी म्हटलं अण्णा, लेओव्हर म्हणजे मुक्कामी ड्युटी. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले "पांघरूण देतात का?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला स्टँडवर सोडलं. दाजी काय करतात?

विश्रामबाग_मावशी | सोमवार, रात्री ९:४४

मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं दिवाणजी. ३० वर्षं रात्री घरीच झोपलेत.

फसलेला_मामा | सोमवार, रात्री ११:२०

सव्वा लाखाचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझ्या भाच्याला असल्याच एका क्लासात घातलं होतं, गाव सांगत नाही, क्लासही सांगत नाही. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं बोर्डावर. वर्षभर केस कसे बांधायचे, काटा चमचा कुठल्या हातात, एवढंच. मुलाखत कंपनी घेते, क्लास नाही, आणि कंपनीला त्या सर्टिफिकेटचं काही पडलेलं नसतं, बारावीची मार्कलिस्ट बघतात. त्याच पैशात पोरगं चार वेळा मुंबई दिल्ली करून आलं असतं.

वर नंतर एक मेल आला, तुमची निवड झालीय, युनिफॉर्म नि मेडिकलसाठी साडेआठ हजार भरा. लेटरहेड बिटरहेड सगळं झ्याक. मी भरले. हो, मीच. भाचा म्हणत होता मामा थांब. विमान कंपनी नोकरी देताना एक रुपया मागत नाही, मागितला की समजायचं समोर चोर आहे.

खडू_फळा | मंगळवार, सकाळी ६:३०

इंग्रजीबद्दल. ३२ वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलंय, तासगाव तालुक्यात. आपली पोरं मनात मराठी वाक्य पूर्ण तयार करतात नि मग उलथून इंग्रजीत टाकतात, म्हणून गाडी अडते, आणि "आय ॲम हॅविंग वन ब्रदर" होतं. तिला रोज एकच काम द्या. मोबाईल समोर ठेवून एक मिनिट बोलायचं, विषय चिठ्ठी काढून. आजचा स्वयंपाक, शेजारीण, पाऊस, काहीही. रेकॉर्ड करून ऐकायचं. पहिले तीन दिवस स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, चौथ्या दिवशी चुका दिसायला लागतात. अवघड शब्द नकोत. आणि घाई नको, आपल्याकडची पोरं घाबरली की एक्सप्रेस होतात.

कासपठार | मंगळवार, सकाळी १०:०५

गुरुजींचं शंभर टक्के बरोबर. एक मिनिटाचा राऊंड खरंच असतो बऱ्याच ठिकाणी. शिवाय घोषणेचा कागद वाचायला देतात. आणि हमखास एक प्रश्न, तुझ्या गावाबद्दल सांग. तिथं ९० टक्के पोरी गुगल म्हणून दाखवतात. लोकसंख्या अमुक, नदी अमुक, प्रसिद्ध मंदिर अमुक. समोरच्या बाईंनी सकाळपासून असली चाळीस गावं ऐकलेली असतात.

भडंगप्रेमी | मंगळवार, सकाळी १०:२२

सांगलीबद्दल एक मिनिट? भडंग, पूर, नि पुढच्या वर्षी होणारा विमानतळ. झालं मिनिट.

हळद_सौदा | मंगळवार, दुपारी १२:४८

वडील दिवाणजी आहेत म्हणताय नि पोरीला गावाबद्दल काय सांगायचं हा प्रश्न पडतो? हरिपूरची पेवं सांग म्हणावं. नव्या पोरांना माहीत नसंल म्हणून लिहितो. हरिपूरला, कृष्णा वारणेच्या संगमापाशी, जमिनीत खोल पेवं खणलेली असायची, तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरंल असं, आणि खाली पोट मोठं. त्यात हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. तिथली माती अशी की आत पाणी झिरपत नाही, हळदीला किडा लागत नाही, वर्षांवर्षं राहायची. २००५ च्या पुरात बरीच गेली. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१८ ला, पण पेवाचं नाव काढलं की आमच्या पिढीतलीच माणसं मान हलवतात.

आणि पेव उघडलं की लगेच कुणी आत उडी टाकत नाही. तोंड काढून तसंच ठेवायचं काही तास. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आत हवा नाही, माणूस उतरला तर वर येणार नाही. जळत राहिला तर मग हमाल उतरायचा, तो पण कमरेला दोर बांधून नि दोर धरायला वर दोघं. माझ्या आजोबांनी एकदा विझलेला कंदील बघून आख्खा सौदा दुसऱ्या दिवसावर ढकलला, व्यापारी तणतणत गेला. विषयांतर झालं, माफी.

पोवईनाका | मंगळवार, दुपारी १:३०

असली विषयांतरं होत राहू देत. आम्हाला कंदी पेढ्याच्या पलीकडं असलं काही सांगायला नाही.

कुपवाड_फर्निचर | मंगळवार, रात्री १०:०२

पहिल्यापासून वाचत आलो, कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? मावशी, शिवणाचा टेप किती जुना आहे? कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबतो. मग तो १५० म्हणतो तेव्हा खरं १५२ असतं. रेघ जिथं पाहिजे त्याच्यापेक्षा वर गेली असणार, नि पोरीची उंची पण कमी दाखवत असणार. त्यात दोनदा लावला म्हणजे सांध्यात आणखी फरक. माझ्याकडं मापं घेऊन येणारी गिऱ्हाईकं रोज हेच करतात, कपाट बनवून नेलं की कोनाड्यात फिरतंय. सुताराचा स्टीलचा टेप आणा, फरशीपासून सरळ एका दमात वर न्या, टेप तिरका जाऊ देऊ नका, खाली कुणाला तरी धरायला लावा. मग बोला.

विश्रामबाग_मावशी | मंगळवार, रात्री १०:०९

टेप आमच्या आईचा. म्हणजे पोरीच्या आजीचा. ४० वर्षं तर नक्की.

मिरजकर_बापू | मंगळवार, रात्री १०:११

अरे देवा.

विश्रामबाग_मावशी | बुधवार, सकाळी ८:२०

सकाळी सात वाजता स्टीलचा टेप घेऊन ताईकडं गेले. खाली दाजींना धरायला बसवलं, तेवढ्यासाठी पेपर ठेवला त्यांनी. जुनी रेघ २१५ वर निघाली!! खरं २१२ मोजून नवी रेघ मारली. पोरीनं टाचा उचलल्या, हात वर, आणि मधलं बोट रेघेच्या नखभर वर. उंची १५६. ताई रडायला लागली, पोरगी हसायला लागली, दाजी टेप गुंडाळत म्हणाले "आठ दिवस नुसती भिंत खराब केली". पण नवी रेघ परत एकदा तपासून बघितली त्यांनी, मी स्वयंपाकघरातून बघत होते.

कुपवाडवाले दादा, तुमचं तोंड गोड करायचंय, पत्ता कळवा.

कुपवाड_फर्निचर | बुधवार, सकाळी ८:३१

तोंड राहू दे, पोरीला नोकरी लागली की ताईंना किचन ट्रॉली करून घ्यायला सांगा.

नखभर_वर | गुरुवार, रात्री ११:५५

मावशी??? मैत्रिणीनं लिंक पाठवली म्हणून आले तर आख्ख्या जिल्ह्याला माझी उंची माहीत झालीय! आजपासून मी पण मेंबर. सगळ्यांना थँक्यू. चिडलेली आहे पण थँक्यू.

कासपठार ताई, एक विचारू का, राग येणारा पॅसेंजर, सीट बदलून द्या म्हणणारा, असले प्रश्न येतात म्हणे, त्याला काय उत्तर द्यायचं? यूट्यूबवर दहा जण दहा सांगतात.

कासपठार | शुक्रवार, सकाळी ९:१५

आलीस का! ये. उत्तर पाठ करू नकोस. आधी ऐकून घ्यायचं, मग हातात आहे तेवढंच कबूल करायचं, आणि जमलं नाही तर सीनियरला सांगायचं. "मी त्यांना खूश करेन" असलं म्हणू नकोस, लगेच विचारतात कसं, नि मग त त प प होतं. कधी मुद्दाम भांडण लावून बघतात, ग्रुपमध्ये सात जणी नि लाईफबोटीत जागा चौघींना, कुणाला ठेवाल. तिथं जिंकायचं नसतं. जी गप्प बसलीय तिला बोलतं केलंस तरी पुरे. आमच्या वेळी एकीनं मुद्दा बरोबर मांडला पण जेवणाच्या सुट्टीत पाण्यावरून वॉचमनला झापलं, संध्याकाळच्या यादीत नाव नव्हतं. त्यामुळंच गेलं का ते मला माहीत नाही, पण मी त्या दिवशी वॉचमनकाकांना दोनदा थँक्यू म्हणाले.

कपडे साधे फॉर्मल, केस घट्ट, नखं एकसारखी. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगळ्या फाईलला. सर्दी असेल तर आधीच बरी कर, कान बसलेले असताना पुढं मेडिकलला त्रास होतो.

कृष्णाकाठ | शुक्रवार, सकाळी १०:४०

आदल्या दिवशीच जा गं बाय. सकाळी आठला पुण्यात रांगेत उभं राहायचं तर इथनं रात्री दोनला निघावं लागंल, नि वर खंबाटकीत ट्रक बंद पडला असला तर झालं.

भडंगप्रेमी | शुक्रवार, सकाळी १०:४४

आणि पेठ रस्त्यानंच जा. टर्ब्युलन्सची प्रॅक्टिस फुकट.

नखभर_वर | (दहा दिवसांनी) सोमवार, रात्री ९:३०

आले जाऊन. मोठं लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

बाबा आले सोबत. स्वतःहून. शनिवारी संध्याकाळी म्हणाले दोन तिकिटं काढ. आत्याकडं राहिलो. सकाळी पावणेआठला पोचलो तर आधीच दीडदोनशे मुली. बाबा गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसले ते संध्याकाळी पाचपर्यंत तिथंच, टपरीवाल्याला तोवर हळदीचे भाव पाठ झाले असतील.

उंची १५६. मग हात. भिंतीवर पट्टी चिकटवलेली, बूट काढले, कंबर ताणली, श्वास सोडला, आणि मधलं बोट पट्टीच्या वर. मॅडमनी बघितलं पण नाही नीट, टिक केली नि "नेक्स्ट". आठ दिवसांची भिंत आणि तिथं दोन सेकंद! माझ्या पुढची मुलगी थोडक्यात गेली, नाशिकची होती. तिला सांगावंसं वाटलं की घरी जाऊन टेप तपास, पण तिथली पट्टी खरीच होती.

एक मिनिटाला विषय आला "छत्री". बोलले काहीतरी, पुरात आमच्या गल्लीत छत्री घेऊन होडीत बसलेले काका आठवले ते सांगितलं. ग्रुपमध्ये मी दोनदाच बोलले, वाटलं गेले.

शेवटच्या खोलीत एक सर, एक मॅडम. गावाबद्दल सांग. मी हळद म्हटलं तर सरांनी मान खाली घातली, म्हटलं आता हे पण चाळीस गावांत गेलं. मग पेव सांगितलं. हळद_सौदा काका, तुमची गोष्ट वाचल्यावर मी बाबांना विचारलं होतं, तर ते रात्री साडेअकरापर्यंत बोलत बसले, त्यांनी स्वतः वर दोर धरलेला आहे लहानपणी! मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. तर मी कंदिलाचं सांगितलं, मॅडमनी पेन ठेवलं नि विचारलं, दोर धरणाऱ्याचा मित्र आत बेशुद्ध पडला तर तो काय करतो? मी म्हटलं आत उतरायचं नाही, दोर ओढायचा आणि माणसं बोलवायची, उतरला तर दोघं जातील. हे बाबांनीच सांगितलं होतं. इंग्रजी किती चुकलं देव जाणे, "कंदील" ला शब्द आठवेना, हातानं करून दाखवला. मॅडम म्हणाल्या ऑक्सिजन मास्कचं पण असंच असतं, आधी स्वतःचा. मग सरांनी विचारलं हळद किती दिवस टिकते, आणि ते मला माहीतच नव्हतं नीट, म्हटलं वर्षं, बाबा बाहेर बसलेत विचारून येऊ का. हसले दोघं.

मेडिकलसाठी मेल आलाय आज दुपारी. पैसे मागितलेले नाहीत, मामा, दोनदा वाचला.

फसलेला_मामा | सोमवार, रात्री ९:३८

पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर तपास तरी. अभिनंदन बाळा.

हळद_सौदा | सोमवार, रात्री ९:५०

दिवाणजींना नमस्कार सांग. बहुतेक ओळखतो मी त्यांना, सौद्यात बघितलंय.

सरळ_बोलतो | सोमवार, रात्री १०:१५

अभिनंदन. मेडिकलमध्ये काही झालं तर एमपीएससी आहेच.

कासपठार | सोमवार, रात्री १०:४०

मेडिकलच्या आदल्या रात्री नीट झोप, पाणी भरपूर पी. पोचलीस की मला मेसेज कर, ट्रेनिंगच्या माझ्या वह्या अजून माळ्यावर आहेत, नियम बदलले असतील पण दारांची चित्रं कामाला येतील.

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री १०:४५

पहिल्या पगाराची भडंग. विमानातनं टाकली तरी चालंल, कवलापूरच्या माळावर थांबतो. मोकळाच हाय.

नवीन_सदस्य_कराड | मंगळवार, सकाळी ११:१०

नमस्कार, मला पण केबिन क्रू व्हायचे आहे. सगळा धागा वाचला नाही. माझी उंची १५४ आहे, चालेल का?

कुपवाड_फर्निचर | मंगळवार, सकाळी ११:१२

टेप कुठला?